‘सगळेच हवे’ म्हणणाऱ्या घरच्यांना आधी काय हवे, हे कसे मोजावे?

फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या मंडळाकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा. कर्करोगाचे उपचार संपवून घरी आलेल्या माणसांना सांभाळणाऱ्या कुटुंबीयांसाठी एखादी सेवा सुरू करायची आहे. कोणती, हे ठरवण्यासाठी मंडळाने बारा सेवांची यादी केली. प्रत्येक सेवेपुढे ‘अजिबात महत्त्वाची नाही’पासून ‘अत्यंत महत्त्वाची’पर्यंत पाच चौकटी ठेवल्या आणि वीस जणांकडून कागद भरून घेतला. जवळजवळ सगळ्यांनी सगळ्याच सेवांपुढे शेवटच्या चौकटीत खूण केली. तीन स्वयंसेवक, चार महिने आणि जेमतेम एका सेवेपुरता पैसा हाताशी आहे. चूक प्रश्नावलीत आहे की माणसांत, आणि आता काय करावे?

माणसांनी तुम्हाला खरेच उत्तर दिले. फुकट मिळणाऱ्या बारा गोष्टींपैकी कोणती नको, असे कोण म्हणेल? त्यातून तुम्ही दारात जाऊन विचारता. पाहुण्याला चहा नको म्हणायचा नसतो, तसे ‘तुमची ही सेवा काही कामाची नाही’ असेही म्हणायचे नसते. त्यामुळे पाच चौकटींच्या कागदावर तुम्हाला मिळाली ती सौजन्याची मोजणी. मी गेली वीस-बावीस वर्षे गोव्यात आरोग्य पाहण्यांचे काम करते. पहिल्या तीन-चार वर्षांत माझ्याही हातून असेच कागद भरले गेले. अशाच एका कागदाच्या जोरावर एका संस्थेने समुपदेशनाची खोली थाटली. पंखा, खुर्च्या, पाण्याचा कूलर, सगळे होते. ‘अत्यंत महत्त्वाची’ म्हणणाऱ्यांपैकी तिथे फारसे कोणी फिरकले नाही. त्या पाहणीत मीही होते, म्हणून नाव घेत नाही.

गरज, पसंती आणि वापर या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सांभाळणाऱ्या बाईला रात्रीची झोप नाही, ही गरज. ती मोजायची साधने आहेत. १९८० मध्ये झरिट यांनी मांडलेली भारमापन प्रश्नावली त्यातली जुनी आणि खूप वापरली जाणारी. तिच्या आजच्या प्रचलित रूपात २२ प्रश्न आहेत आणि गुण ० ते ८८. पण त्या बाईला ६० गुण पडले म्हणून ती तुमच्या मेळाव्याला येईल असे नाही. दोन मदतींपैकी एकच मिळणार असेल तर ती कोणती उचलेल, ही पसंती. सेवा सुरू झाल्यावर ती खरेच येते की नाही, हा वापर. तुमच्याकडे एका सेवेचे पैसे आहेत, म्हणजे तुमचा प्रश्न पसंतीचा आहे. आणि पसंती दिसायची तर काहीतरी सोडावे लागते. तुमच्या कागदावर कोणाला काहीच सोडावे लागले नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. सांभाळणाऱ्या बाईला ‘तुका कितें जाय?’ असे थेट विचारून पाहा. उत्तर ठरलेले: ‘म्हाका कितें नाका गे, तो बरो जाल्यार पुरो.’ (मला काही नको, तो बरा झाला की पुरे.) ती खोटे बोलत नाही. स्वतःसाठी काही मागणे तिच्या सवयीतच नाही, आणि नवरा आजारी असताना तर ते लाजेचेच वाटते. मात्र तिच्यासमोर तीन कार्डे ठेवून ‘यातले एक ठेवायचे, एक काढून टाकायचे’ म्हटले की बोटे आपोआप हलतात. तिथे ती मागत नसते, निवडत असते. एवढ्या फरकाने तोंड उघडलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत.

म्हणून माझा सल्ला असा, की पाच चौकटी सोडा आणि ‘सर्वांत जास्त-सर्वांत कमी’ पद्धत घ्या. ही जॉर्डन लुव्हिएर यांनी १९८० च्या दशकात मांडली. तिच्यामागचा विचार त्याहून जुना आहे. माणूस दोन गोष्टींत डावे-उजवे कसे करतो, याचा नियम थर्स्टन यांनी १९२७ मध्ये मांडला होता. पद्धत सोपी आहे. सगळी यादी एकदम समोर ठेवायची नाही. तीन किंवा चार वस्तूंचे छोटे गट दाखवायचे आणि प्रत्येक गटातून सर्वांत उपयोगी एक आणि सर्वांत कमी उपयोगी एक निवडायला सांगायचे. बारा गोष्टींना क्रमांक द्यायला सांगितले तर वरचे दोन आणि खालचा एक विचाराने येतात, मधले कसेबसे भरले जातात. तिनातून दोन टोके निवडणे मात्र चौथी शिकलेल्या आजीलाही जमते.

आधी तुमची यादी बारावरून सातावर आणा. ‘माहिती’, ‘मार्गदर्शन’ आणि ‘डॉक्टरांशी बोलायला मदत’ या तीन ओळी तुम्ही वेगळ्या लिहिल्या आहेत, पण ऐकणाऱ्याला त्या एकच वाटतात. आणि ‘आर्थिक मदत’ ही ओळ काढाच. ती असली की बाकी सगळ्या वस्तू तिच्यापुढे हरतात आणि तुम्हाला आधीच ठाऊक असलेले उत्तर परत हाती येते. शिवाय पैसे वाटणे तुमच्या आवाक्यातही नाही. पैशाची अडचण फोडून पाहा. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिच्यात तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण मिळते. ते इस्पितळातल्या उपचारांसाठी. काणकोणहून बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळापर्यंतचे साठ-सत्तर किलोमीटर, त्या दिवशीची बुडालेली रोजंदारी, मुंबईला परळच्या टाटा इस्पितळात तपासणीला जायचे तर तिथला मुक्काम, हे घरच्यांच्या खिशातून जाते. त्यातल्या प्रवासाला आणि कागदपत्रांना तुम्ही हात घालू शकता. म्हणजे ‘पैसे’ या एका शब्दाऐवजी दोन नेमक्या वस्तू मिळाल्या.

मी असते तर सात कार्डे अशी केली असती. पहिले: आठवड्यातून एकदा चार तास घरी दुसरे माणूस. दुसरे: तपासणीच्या दिवशी नेण्या-आणण्याला गाडी. तिसरे: योजनांचे अर्ज आणि दाखले करून देणारा. चौथे: रात्री शंका आली तर फोनवर नर्स. पाचवे: घरच्या शुश्रूषेचे शिक्षण, म्हणजे पोटावरची पिशवी बदलणे, नळीतून भरवणे, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला येणारी सूज सांभाळणे. सहावे: ज्याच्याशी मन मोकळे करता येईल असे प्रशिक्षित माणूस. सातवे: सांभाळणाऱ्यांचा महिन्यातून एक मेळावा. ही यादी जशीच्या तशी उचलू नका. आधी दहा-बारा जणांशी नुसत्या गप्पा मारा, वही न उघडता. त्यांच्या बोलण्यात जे वारंवार येईल ते कार्डावर यायला हवे. आपण टेबलावर बसून केलेल्या यादीत नेहमी आपल्याला द्यायला आवडणाऱ्या गोष्टी जास्त असतात.

आता सातच का, ते सांगते. सात वस्तूंचे तीन-तीनचे सात गट असे पाडता येतात की प्रत्येक वस्तू बरोबर तीनदा येते आणि कोणत्याही दोन वस्तू एकमेकींसमोर बरोबर एकदा येतात. गट असे: १-२-४, २-३-५, ३-४-६, ४-५-७, ५-६-१, ६-७-२, ७-१-३. पडताळून पाहा, २१ जोड्या आहेत आणि एकही सुटत नाही. तिनातून सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी उपयोगी निवडले की तिघांचा पूर्ण क्रम लागतो. म्हणजे सात सोप्या प्रश्नांत एका माणसाकडून सगळ्या २१ तुलना मिळतात आणि वेळ लागतो दहा मिनिटांच्या आसपास. गणिताची ही रचना मला अजून सुंदर वाटते. पहिल्यांदा कळली तेव्हा मी ती पोदेराच्या पावाच्या कागदावर मांडून पाहिली होती.

यादी काही केल्या सातावर येत नसेल तर तेरा करा. तेरा वस्तू, चार-चारचे तेरा गट. पहिला गट १-२-४-१०, पुढचा प्रत्येक आकडा एकाने वाढवत जायचा, तेराच्या पुढे गेला की पुन्हा एकपासून. इथेही प्रत्येक जोडी एकदाच येते, पण प्रत्येक प्रश्नात चार वस्तू आणि एकूण तेरा प्रश्न. संध्याकाळी दमलेल्या माणसाला हे जड जाते. आठव्या-नवव्या प्रश्नापासून ‘हेंच बरय’ (हेच लिही) सुरू होते, आणि ते सुरू झाले की पुढचे कागद रद्दीत घालावे असे असतात.

हिशेबाला संगणकाची गरज नाही. प्रत्येक वस्तूला ‘सर्वांत उपयोगी’ किती वेळा मिळाले, त्यातून ‘सर्वांत कमी’ वजा करा. एका माणसाचा गुण उणे ३ ते अधिक ३ यांच्यामध्ये येतो. समजा ६० जणांना विचारले. प्रत्येक वस्तू १८० वेळा दिसली. गाडीला ८१ वेळा सर्वांत उपयोगी आणि २७ वेळा सर्वांत कमी मिळाले, तर ५४ भागिले १८०, म्हणजे ०.३०. (आकडे समजावण्यापुरते आहेत, कोणत्या पाहणीतले नाहीत.) ‘किती पट’ हे हवे असेल तर दोन्हींचा भागाकार करून वर्गमूळ घ्या. ८१ भागिले २७ म्हणजे ३, त्याचे वर्गमूळ १.७३. सातही वस्तूंची अशी वर्गमुळे काढून एकमेकांशी ताडून पाहता येतात.

माणसे किती? उणे ३ ते अधिक ३ च्या मापावर माणसामाणसांतला चढउतार साधारण दीड गुणाचा धरला, तर ६० जणांवर सरासरीची त्रुटीची पट्टी, म्हणजे खरा आकडा किती वर-खाली असू शकतो ते, जवळपास ०.४ गुणांची येते आणि १०० जणांवर ०.३ ची. म्हणजे ६० जणांत वरचे कोण आणि तळाचे कोण हे नीट कळते. मधल्या तिघांत कोण पुढे, यावर भांडू नका. पण सत्तरी आणि फोंडा हे तालुके वेगळे दाखवायचे असतील, किंवा बायका आणि पुरुष, तर प्रत्येक गटात ४० तरी हवेत असे मी धरते. चार महिन्यांत तीन स्वयंसेवकांना ८० ते १०० मुलाखती जमाव्यात. त्याहून मोठ्या आकड्याच्या मागे लागू नका. चांगल्या ८० मुलाखती उरकलेल्या ३०० पेक्षा बऱ्या, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले.

यानंतर एक प्रश्न उरतो. गाडी वर आली, पण कसली गाडी? फोंड्याच्या बसस्टँडपर्यंत की दारापर्यंत, फुकट की शंभर रुपये, आदल्या दिवशी सांगितले तर चालेल की आठवडाभर आधी? सर्वांत जास्त-सर्वांत कमी पद्धत याचे उत्तर देत नाही. त्यासाठी दुसरी पद्धत आहे. तिला मराठीत ‘पर्याय-निवड प्रयोग’ म्हणता येईल. तिचे गणित डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७४ मध्ये मांडले आणि २००० मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोत नवी रेल्वे सुरू होण्याआधी त्यांच्या गटाने अंदाज केला, की ६.३ टक्के लोक ती वापरतील. प्रत्यक्षात ६.२ टक्के लोकांनी वापरली. सरकारी अंदाज १५ टक्क्यांचा होता. गोष्ट ऐकायला छान आहे, पण एक ध्यानात ठेवा. त्यांचा अंदाज लोक प्रत्यक्षात कशाने ये-जा करतात यावर उभा होता. आपण कार्डावरची काल्पनिक निवड विचारतो. कागदावर पाचशे रुपये द्यायला तयार झालेला माणूस दारात पाचशे देतोच असे नाही.

हा प्रयोग असा असतो. ‘चार तास दुसरे माणूस’ ही सेवा घ्या. कोण येईल: प्रशिक्षित सेविका, शेजारची स्वयंसेविका की नर्स. किती वेळा: आठवड्याला, पंधरवड्याला की महिन्याला. कधी: सकाळी, दुपारी की रात्री. कळवायचे किती आधी: एक दिवस की आठवडा. आकार: फुकट, २०० की ५०० रुपये. या सगळ्यांच्या १६२ जुळण्या होतात आणि दोन-दोन समोर ठेवायचे म्हटले तर तेरा हजारांहून जास्त जोड्या. सगळ्या विचारणे शक्यच नाही, म्हणून सांख्यिकी जाणणारा माणूस त्यातल्या १६ नेमक्या जोड्या निवडतो, त्यांचे आठ-आठचे दोन भाग करतो आणि एका माणसाला एकच भाग दाखवतो. प्रत्येक जोडीखाली ‘दोन्ही नकोत’ हा पर्याय ठेवाच. तो नसला की सेवा नको असणाऱ्यालाही निवडावे लागते आणि मागणी फुगते. किती माणसे, याचा एक ठोकताळा आहे: ५०० ला सर्वांत जास्त पातळ्यांच्या आकड्याने गुणा आणि प्रश्नांची संख्या गुणिले पर्यायांची संख्या याने भागा. इथे एका ओळीत जास्तीत जास्त तीन पातळ्या (फुकट, २००, ५०० अशा), एका माणसाला आठ प्रश्न आणि ‘दोन्ही नकोत’ सोडून दोन पर्याय, म्हणून १५०० भागिले १६, म्हणजे ९४. हा किमान आकडा. गट पाडायचे तर याच्या दुप्पट-तिप्पट लागतो.

आकाराच्या ओळीबद्दल इशारा. आपल्याकडे गृहआधार आहे, दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, म्हणजे घरी पैसे देणाऱ्या सरकारी योजना. त्यामुळे सेवा कोणाची, हे सांगितल्याशिवाय आकार विचारला की लोक ती सरकारची समजतात आणि ‘सरकार पैसे कित्याक घेता?’ म्हणून प्रत्येक वेळी फुकटची बाजू निवडतात. तो राग असतो, पसंती नसते, पण हिशेबात दोन्ही सारखेच दिसतात.

तुम्ही हा प्रयोग आत्ता करू नका. आधी सात कार्डे. जी सेवा वर येईल तिचाच, तोही रचना करून देणारा कोणी मिळाला तर, पुढच्या वर्षी. गोवा विद्यापीठात किंवा बांबोळीच्या महाविद्यालयात सामुदायिक वैद्यकाचे कोणी तयार झाले तर उत्तम.

आता मला ज्यात जास्त रस आहे ते: विचारायचे कोणाला. तुमच्या कागदावर ‘काळजीवाहकाचे नाव’ अशी एकच ओळ आहे. गोव्यातल्या घरात ही ओळ भरणे सोपे नाही. मुलगा तारवटी, वर्षातले सहा-आठ महिने जहाजावर. पैसा त्याचा, निर्णयही त्याचा, फोनवरून. रात्री उठून औषध देणारी सून. इस्पितळात बरोबर जाणारा पुतण्या, कारण त्याच्याकडे गाडी. यातला सांभाळणारा कोण? नाव विचारलेत तर मुलाचे मिळेल, कारण घरातला मान त्याचा. म्हणून नाव न विचारता तीन प्रश्न विचारा: मागच्या तपासणीला बरोबर कोण गेले, रात्री कोण उठते, खर्च कोण करतो. तिघे निराळे निघाले तर रात्री उठणाऱ्या माणसाला कार्डे दाखवा आणि बाकी दोघांची नोंद ठेवा. मुलाला विचाराल तर नर्स आणि गाडी वर येतील. सुनेला विचाराल तर कदाचित चार तास दुसरे माणूस. दोघेही खरेच सांगतात, पण सेवा वापरणार सून.

दुसरे, माणसे शोधायची कुठे. बांबोळीच्या बाह्यरुग्ण विभागात बसलात तर जे तपासणीला येतात तेच भेटतील, म्हणजे प्रवास ज्यांना जमतो ते. मग गाडीला गुण कमी पडतील आणि तुम्ही म्हणाल, गाडीची गरज नाही. वाळपई, सांगे, काणकोणच्या आरोग्य केंद्रांतून, तिथल्या आरोग्यसेविकांकडून नावे घ्या. मुंबईला किंवा बेळगावला उपचार घेऊन आलेले तर गोव्याच्या कुठल्याच रांगेत दिसत नाहीत.

तिसरे, किती वर्षे झाली. फिट्झह्यू मलन हे डॉक्टर स्वतः कर्करोगातून गेले होते. १९८५ मध्ये त्यांनी मांडले की वाचल्यानंतरच्या आयुष्याचेही ऋतू असतात: उपचारांचा, नंतरच्या वाट पाहण्याचा आणि मग लांबच्या सोबतीचा. घरच्यांचेही तसेच आहे. उपचार संपून सहा महिने झालेल्या घरात नळी, पिशवी, अन्न, सूज हे विषय असतात. तीन वर्षांनी त्यातले बरेच हाताखालचे होऊन जाते. पण तपासणीची तारीख जवळ आली की आठ दिवस घरात कोणी नीट जेवत नाही. तेव्हा मन मोकळे करायला माणूस हवे असते, आणि तेव्हाच सगळ्या सेवा आटलेल्या असतात, कारण कागदोपत्री रोगी बरा झालेला असतो. म्हणून एक वर्षाच्या आतले, एक ते पाच, आणि पाचाच्या पुढचे, असे तीन गट ठेवून प्रत्येकातून ठरावीक माणसे घ्या. नाहीतर ताजे रोगी सहज सापडतात म्हणून तेच भरतील.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण निम्मे काम तिथेच बिघडते. आपण वाचतो-लिहितो मराठीत, दुखणे सांगतो कोंकणीत. कार्ड मराठीत छापा, सासष्टी तालुक्यात गेलात तर रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीतही छापा, पण तोंडाने कोंकणीतच विचारा, आणि तिन्ही स्वयंसेवकांनी एकच वाक्य म्हणावे. शब्द आधी तपासून घ्या. ‘विसावा सेवा’ असा एक शब्द आम्ही मोठ्या हौसेने कार्डावर घातला होता. एका आजोबांनी कार्ड बाजूला सारले आणि विचारले, ‘म्हाका वृद्धाश्रमांत धाडपाचो बेत काय?’ तेव्हापासून मी ‘चार तास दुसरे माणूस’ एवढेच लिहिते. ‘समुपदेशन’ म्हटले की ‘म्हाका पिशें लागलां व्हय?’ (मला वेड लागलेय का?) हा प्रश्न येतो. त्या रिकाम्या खोलीचे अर्धे कारण मला दारावरच्या पाटीत दिसते. ‘मन उक्तें करपाक मनीस’ म्हटले तर कार्डाकडे निदान पाहतात. चित्रे काढून घ्या. गाडीचे, फोनचे, घड्याळाचे. वाचता येणाऱ्यांनाही चित्रे बरी पडतात.

आणि ‘कॅन्सर’ हा शब्द. अनेक घरांत तो उच्चारला जात नाही. ‘ती गांठ’, ‘तें दुयेंस’ (ते दुखणे). कधी रोग्यालाच सांगितलेले नसते. दारात उभे राहून तुम्ही तो शब्द असलेले मंडळाचे पूर्ण नाव घेतलेत तर एका वाक्यात सगळे उघडे पडते. ओळख अशी करा की नाव घ्यावे लागणार नाही, आणि घरचे जो शब्द वापरतील तोच धरा.

मुलाखत रोग्यासमोर करू नका, सासूसमोरही नको. समोर रोगी बसला असेल तर बायको सातही कार्डे परत करील आणि म्हणेल, आम्हाला काही त्रास नाही. मग ती तुम्हाला वळेसरात की परसात नेईल, ते तिच्यावर सोडा. वेळ साडेचार ते दिवेलागण. दुपारी एक ते चार गोव्यात कोणाचे दार ठोठावायचे नसते, हे तुम्हाला सांगायला नको. चवथीच्या आधीचा आठवडाही सोडा. पावसाचा विचार मात्र नक्की करा. जुलैत विचारलेत तर गाडी आणि घरी येणारे माणूस वर येतात. जानेवारीत तीच माणसे मेळाव्यालाही हो म्हणतात. तुमचे चार महिने सगळे पावसात पडत असतील तर निदान तसे लिहून ठेवा, किंवा शेवटच्या वीस मुलाखती ऑक्टोबरसाठी राखून ठेवा.

नैतिक बाजू थोडक्यात. एखाद्या संस्थात्मक नैतिकता समितीची परवानगी घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी आहेत. नाव-पत्ता आणि उत्तरे दोन निराळ्या वह्यांत ठेवा. सुरुवातीलाच सांगा की सातपैकी एकच सेवा सुरू होणार आहे, तीही कदाचित. मुलाखतीत कोणी रडले तर कार्डे बाजूला ठेवून बसा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाजवळ लिहिलेला असू द्या. झरिटची प्रश्नावली जोडायची असेल तर तिला आधी परवानगी लागते. आणि ती कार्डांनंतर विचारा. आधी विचारली तर बावीस वेळा ‘तुम्हाला भार वाटतो का’ ऐकून मन जड झालेले असते आणि सगळी निवड त्याच रंगाची होते.

स्वयंसेवकांनी पहिल्या पाच मुलाखती एकमेकांसमोर कराव्यात. कार्ड देताना कोणाचा अंगठा गाडीच्या चित्रावर टेकतो, कोण मेळावा वाचताना आवाज चढवतो, हे दुसऱ्यालाच दिसते. गटांचा क्रम प्रत्येक घरी पत्त्यांसारखा पिसून घ्या, आणि गटातली वस्तूंची वर-खालची जागाही बदलत ठेवा. सात गट संपल्यावर पहिला गट पुन्हा एकदा दाखवा. उत्तर तेच आले तर बरे. बदलले तर त्या माणसाला फेकून देऊ नका, ‘आधी हे म्हणाला होता, आता ते का?’ एवढे विचारा. पुष्कळदा तेव्हाच कळते की मधल्या दहा मिनिटांत त्याने पहिल्यांदाच स्वतःचा विचार केला होता.

राहिले ते वीस कागद. ते फाडू नका. त्याच वीस जणांकडे सात कार्डे घेऊन परत जा. त्यांना तुम्ही ओळखीचे झाला आहात, आणि ‘मागे सगळेच हवे म्हणाला होतात, पण पैसे एकाचेच आहेत’ हे वाक्य तुम्ही त्यांनाच सरळ म्हणू शकता. त्या वाक्यावर ते कसे हसतात आणि मग कोणत्या कार्डावर हात ठेवतात, ते लिहून घ्या. बाकीच्या ऐंशी घरी काय आणि कसे विचारायचे, ते त्यावरून दुरुस्त करा.